दोष काट्याचा

काट्याने सदुसष्ट किलो चारशे दाखवले आणि कारखान्यात दोन तट पडले.

तट पडणं या घराला नवीन नव्हतं. जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग द्यायचा की करडा, यावरून दोघे भाऊ मागे सतरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते, आणि अठराव्या दिवशी बोलले ते रंगारीच पळून गेला म्हणून. पण त्या भांडणात निदान कुणाचे पाय सुजलेले नव्हते.

खाली कारखाना, वर बिऱ्हाड. वजनकाटे बनवायचे आणि दुरुस्त करायचे, एवढाच उद्योग तीन पिढ्या चालला होता. त्यामुळे दादांचा, म्हणजे सासऱ्यांचा, एक नियम होता. घरातली बाई गरोदर राहिली की दर रविवारी साडेअकराला तिला खाली आणायचं, पोती तोलायच्या मोठ्या लोखंडी काट्यावर उभं करायचं आणि वजन खडूने फळ्यावर लिहायचं. थोरल्या सुनेने नऊ वर्षांपूर्वी हे सगळं निमूट सोसलं होतं. 'हलू नकोस' असं दादा दर वेळी बजावायचे. पोत्याला हे ऐकावं लागत नाही, म्हणजे पोतं आपल्यापेक्षा सुखी, असं तिला तेव्हा वाटायचं. आता त्या काट्यावर धाकटी जाऊ उभी होती, आणि ते पाहून थोरलीला मनातून थोडं बरंच वाटत होतं. ते ती कबूल करणार नव्हती, एवढंच.

"गेल्या रविवारी चौसष्ट दोनशे," दादांनी फळा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा काटा वाचला. "तीन किलो दोनशे जास्त. एका आठवड्यात."

"बाळ भरतंय!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळे माई म्हणत. कोणताही आकडा मोठा झाला की माईंना आनंद होई, मग तो वजनाचा असो की तापाचा. "मी म्हटलंच होतं, दोघांचं खा. खाल्लं आणि दिसलं!"

"मी काही जास्त खाल्लं नाही, माई," धाकटी म्हणाली. "उलट चार दिवस जेवण जात नाहीये. इथे बरगडीखाली दुखतंय."

"ते बाळाचे केस. पोटात जळजळलं की जावळ दाट."

"जळजळत नाही, दुखतंय."

"तेच ते."

दादांचं या संवादाकडे लक्ष नव्हतं. घरच्या माणसाने चारचौघांत खोटं बोलावं तसे ते काट्याकडे बघत होते.

"अशक्य," ते म्हणाले. "माणूस आठवड्यात तीन किलो वाढत नाही. काटा चुकतोय. पाना आणा."

ठिणगी पडली ती इथे. हा काटा महिन्यापूर्वी थोरल्या मुलाने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, स्वतः उघडून, साफ करून, शून्यावर आणून ठेवला होता. काटा चुकतो म्हणजे थोरला चुकतो. थोरला मुळातच कमी बोलणारा. पण त्याच्या कामावर कुणी बोट ठेवलं की त्याचे कान आधी लाल होत आणि मग त्याला वाचा फुटे.

"काटा चुकत नाहीये," तो म्हणाला. "मी लावलाय तो."

"म्हणूनच चुकत असेल," धाकटा भाऊ म्हणाला.

धाकट्या भावाला घरात बॅटरी म्हणत. हे नाव आत्यांनी ठेवलेलं, कारण इलेक्ट्रॉनिक काटे आणा, बॅटरीवरचे काटे आणा, हे पालुपद तो सहा वर्षं आळवत होता. "पन्नास वर्षांचं लोखंड आहे ते," बॅटरी म्हणाला. "तीन किलो इकडेतिकडे म्हणजे त्याच्या वयाला शोभेलसंच. इलेक्ट्रॉनिक असता तर आत्ता हा प्रश्नच आला नसता."

"तुझ्या इलेक्ट्रॉनिकला झुरळ शिरलं तरी शंभर ग्रॅम दाखवतं."

"निदान दाखवतं तरी!"

"मी उतरू का?" धाकटीने विचारलं.

ती आपली आपणच उतरली आणि वजनांच्या उपड्या खोक्यावर बसली. हात टेकायला तिला भिंत शोधावी लागली, हे थोरलीने पाहिलं. पण तिला त्या क्षणी नवऱ्याची बाजू घ्यायची होती. घरात वाटण्या होतील तेव्हा कारखाना कुणाकडे जायचा, हे अजून ठरायचं होतं. आणि ज्याच्या हातचा काटा चुकतो त्याच्याकडे कारखाना देतात कुठे?

"हे काम करतात ते डोळ्यांत तेल घालून करतात," थोरली म्हणाली. "काटा बरोबरच असणार."

त्या दिवशी कारखान्यात खरं बोलणारी माणसं ती दोघंच, आणि दोघंही नको त्या कारणासाठी. धाकटीचं वजन खरोखर तीन किलो वाढलं असेल, असं म्हणण्यात तिची काळजी नव्हती, नवऱ्याच्या नावाची होती. आणि तिकडे धाकटीचा सख्खा नवरा हिरिरीने सिद्ध करायला निघाला होता, की आपल्या बायकोला काहीही झालेलं नाही, झालंय ते काट्याला.

"आत्या, तुम्ही तरी सांगा," माईंनी लवाद नेमला.

आत्या म्हणजे दादांची बहीण, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या खिडकीजवळ स्टुलावर शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी काय सांगणार? मला मूल नाही, काटा नाही, आणि या घरात मताला वजन नाही."

दादांनी काट्याचं झाकण उघडलं.

*

इथे मंगळवारचं सांगायला हवं, कारण थोरलीच्या डोक्यातून तो दिवस सकाळपासून जात नव्हता.

मंगळवारी दुपारी धाकटी रंगाच्या कोपऱ्यात आली होती. काट्यांच्या तबकड्यांवरचे आकडे थोरली रंगवायची. बारीक कुंचला, काळा रंग, आणि श्वास रोखून एकेक आकडा. धाकटी ग्रंथालयात कामाला. तिला कोणतीही शंका आली की ती वहीत नंबर घालून लिहायची. कॉफी किती कप चालते? उताणं झोपलं तर चालतं का? मांजराला हात लावावा का? रात्री पायात गोळे येतात, त्याचं काय करायचं? वही खरं तर डॉक्टरबाईंसाठी होती. पण ती एकदा जेवणाच्या टेबलावर राहिली आणि घरच्यांनी प्रश्नपत्रिका सोडवावी तशी सोडवून टाकली. कॉफीपुढे माईंनी लिहिलं, 'अजिबात नाही', आणि बॅटरीने त्याखाली लिहिलं, 'हवी तेवढी'. मांजरापुढे आत्यांनी लिहिलं, 'मांजराला विचारा'. एक ना धड, भाराभर चिंध्या. एवढी उत्तरं घरबसल्या मिळाल्यावर गुरुवारच्या तपासणीला जायचं कशाला, असं मग आपोआपच ठरलं. शिवाय गुरुवारी वजनमापांचे निरीक्षक शिक्के मारायला येणार होते आणि गाडी कारखान्याला लागणार होती.

"ताई, एक विचारू?" धाकटी म्हणाली होती. "हे वहीत नाही लिहिलं. उगाच सगळे वाचतात."

"विचार."

"कालपासून डोकं सारखं ठणकतंय. डोळ्यांपुढे मधूनच ठिपके चमकतात. आणि ही अंगठी बघा, साबण लावला तरी निघत नाही. होतं का असं?"

थोरली तेव्हा नऊचा आकडा रंगवत होती. नवाच्या शेपटीत हात हलला तर सगळी तबकडी वाया जाते. तिने मान वर केली नाही.

"होतं असं," ती म्हणाली. "मला नव्हतं का झालं? मी शेवटच्या दिवसापर्यंत इथे बसून आकडे रंगवलेत. तुम्हा लोकांना जरा काही झालं की वही."

तिला असलं काहीही झालेलं नव्हतं. नऊ महिन्यांत एकदा सर्दी झाली होती, तीही तीन दिवसांत बरी झाली. पण 'नाही बाई, मला असं नव्हतं झालं' असं म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिच्या वेळी कुणी विचारपूस केली नव्हती, ती जड तबकड्या घेऊन जिना चढली होती, आणि आता या बाईसाठी घरातले सगळे टेबलाभोवती बसून उत्तरं लिहितात! मग आपल्याही वाट्याला थोडा त्रास आला होता असं म्हटलं तर काय बिघडलं? धाकटी "बरं" म्हणाली आणि गेली. थोरलीने नवाची शेपटी पुरी केली. छान आली होती.

*

झाकण उघडलं तर आत सगळं लख्ख होतं. धूळ नाही, गंज नाही. थोरल्याने ओठ मुडपले आणि भावाकडे पाहिलं.

"दिसण्यावर जाऊ नका," बॅटरी म्हणाला. "वजनं ठेवून बघू."

तपासणीची वजनं आली. वीस-वीस किलोचे लोखंडी ठोकळे. दोघा भावांनी ते एकेक करून उचलून ठेवले, एरवी पाणी प्यायला एका टेबलावर न बसणाऱ्या भावांनी. वीसला काटा वीसवर थांबला. चाळीसला चाळीसवर. साठला साठवर, आणि तसूभरही हलला नाही.

"बघ," थोरला म्हणाला.

"ठोकळे झिजले असतील."

"गुरुवारी शिक्का बसलाय त्यांच्यावर! निरीक्षक काय झोपेत होता?"

"निरीक्षकाला तू दोनदा चहा पाजलास, ते मी पाहिलंय."

यावर थोरल्याने हातातला ठोकळा जमिनीवर आपटला. माई "पाय! पाय!" म्हणून ओरडल्या. वर जेवणाची ताटं मांडलेली होती आणि सूप निवत होतं, पण आता विषय घराण्याच्या इभ्रतीवर गेला होता, आणि इभ्रत तापली की सूप थंड होणारच. मग बॅटरीने तोड काढली. घरातल्या सगळ्यांची वजनं मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानातल्या काट्यावर झाली होती. सगळ्यांनी या काट्यावर उभं राहायचं, की दूध का दूध होऊन जाईल.

बॅटरी उभा राहिला. एकाहत्तर. दुकानातही एकाहत्तरच होता. थोरला उभा राहिला; तोही जिथल्या तिथे. माई आधी नाही नाही म्हणाल्या, मग चपला काढल्या, मग स्वेटर काढला, मग चष्माही काढून आत्यांच्या हातात दिला, आणि तरी काट्याने त्यांना त्यांचं खरं वजन सांगितलंच.

"हा काटा नक्की बिघडलाय," माई म्हणाल्या.

थोरलीला हसू आलं. सगळ्यांनाच आलं असावं, कारण क्षणभर भांडण थांबलं. आणि त्या क्षणभराच्या शांततेत तिने खोक्यावर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं.

धाकटी हसत नव्हती. तिने एक डोळा हाताने झाकला होता आणि दुसऱ्याने ती खिडकीच्या उजेडाकडे बघायचं टाळत होती. तिचा चेहरा रोजचा नव्हता. पापण्या फुगल्या होत्या, हनुवटीची रेघ गेली होती. अंगठीचं बोट तर बघवत नव्हतं. गेल्या मंगळवारपासून ही बाई आपल्यासमोर रोज जेवली, रोज जिना उतरली, आणि आपण एकदाही तिच्याकडे धड पाहिलं नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं.

"दादा," ती म्हणाली, "काटा बरोबर आहे."

"थांब. मी आणखी एकदा..."

"दादा, सगळ्यांची वजनं बरोबर आली. काटा बरोबर आहे. मग हिचंही बरोबरच आहे ना?"

दादा पाना घेऊन पुन्हा काट्यापाशी वाकले आणि जो स्क्रू घट्टच होता तो आणखी घट्ट करू लागले.

आत्यांनी शब्दकोड्याचा कागद बाजूला ठेवला.

"दादा, पुरे," त्या म्हणाल्या. "त्या वेळीही तू काटाच दुरुस्त केला होतास."

"गप्प बस."

"छत्तीस वर्षं गप्पच बसलेय की. पोरांनो, तुमच्या बापाची पहिली बायको तापाने गेली असं तुम्हाला सांगितलंय ना? ताप नव्हता. तिला आठवा महिना होता. एका आठवड्यात चार किलो चढली, याच काट्यावर. पाय सुजले, तोंड सुजलं, डोकं दुखतंय म्हणून रडायची. तुमच्या आजीने सांगितलं, पहिलटकरणीला असंच होतं. आणि यानं रात्रभर बसून काटा उघडला, कारण चार किलो वाढणं शक्यच नाही. सकाळी काटा चार किलो कमी दाखवायला लागला. सगळे खूश! चौथ्या दिवशी तिला झटके आले."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. माईंनी आत्यांच्या हातातून चष्मा घेतला, लावला, परत काढला. या घरात आपण दुसऱ्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं. पहिली कशी गेली, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. दादांनी पाना काट्यावर ठेवला. पान्याच्या वजनाने काटा जरासा हलला आणि थांबला.

"मला वाटलं, काट्याचाच दोष असेल," ते म्हणाले. ते आजचं बोलत होते की छत्तीस वर्षांपूर्वीचं, हे कुणाला कळलं नाही.

"भाऊजी, गाडीची किल्ली," थोरली म्हणाली.

बॅटरी जागचा हलला नाही. एवढा वेळ ज्याच्या तोंडाचा पट्टा बंद झाला नव्हता, तो आता नुसता बायकोकडे बघत उभा होता. "पण काल तर ती म्हणाली, बरं आहे..."

"काल मी म्हटलं, डोकं दुखतंय," धाकटी म्हणाली. "तू म्हणालास, नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यांचं पत्रक वाच, लक्ष दुसरीकडे जाईल."

"किल्ली!" थोरली ओरडली.

"अगं, पण दोन घास खाऊन तरी..." माईंनी सवयीने सुरुवात केली. या वेळी त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

*

हॉस्पिटलात सिस्टरने धाकटीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पारा पाहिला, आणि काही न बोलता दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. तिनेही पाहिलं. वरचा रक्तदाब एकशेबाहत्तर, खालचा एकशेबारा. त्यानंतर सगळे भराभर चालायला लागले, आणि हॉस्पिटलात माणसं भराभर चालायला लागली की घरच्यांच्या पाचावर धारण बसते. डॉक्टरबाईंनी थोडक्यात सांगितलं: गरोदरपणात कधीकधी रक्तदाब असा चढतो, अंगात पाणी साठतं, वजन एकदम वाढतं. वेळीच कळलं तर औषधांनी आवरता येतं. कळलं नाही तर आईला झटके येऊ शकतात, आणि मग दोघांचाही भरवसा देता येत नाही.

"म्हणून तर महिन्याची तपासणी असते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी का आला नाहीत?"

कुणाला शिक्के आठवले, कुणाला गाडी. सांगितलं कुणीच नाही.

"डोकं कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. औषध कोणतं द्यायचं, किती घाई करायची, ते त्यावर आहे."

धाकटीला आत नेलं होतं. उत्तर घरच्यांनी द्यायचं होतं आणि घरच्यांकडे उत्तरांची कधीच टंचाई नव्हती.

"आज सकाळपासून," माई म्हणाल्या.

"काल संध्याकाळपासून असेल," बॅटरी म्हणाला.

"तिचं डोकं तसं अधूनमधून दुखतंच," थोरल्याने भर घातली. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीच्या डोक्याबद्दल दिलेली ती आयुष्यातली पहिली माहिती होती आणि तीही त्याने बनवलेली होती.

खरं उत्तर एकट्या थोरलीला माहीत होतं. ते सांगितलं की पुढचा प्रश्न काय येणार, हेही माहीत होतं. समोर नवरा, सासू, दीर. कारखान्याच्या वाटण्या. नऊ वर्षं या घरात तिने कमावलेला एकमेव शब्द म्हणजे 'शहाणी'. धाकटी हट्टी, धाकटी नाजूक, पण थोरली शहाणी.

"सोमवारपासून," ती म्हणाली. "सहा दिवस झाले. डोळ्यांपुढे ठिपकेही दिसत होते. अंगठी तेव्हाच निघत नव्हती."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मंगळवारी तिने मला सांगितलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी सांगितलं, होतं असं. मलाही झालं होतं म्हणून सांगितलं." ती तेवढ्यावर थांबली नाही. "मला नव्हतं झालं. मी खोटं बोलले."

डॉक्टरबाईंनी सोमवार लिहिला, फोनवर कुणाशी तरी दोन वाक्यं बोलल्या आणि आत गेल्या. थोरलीला त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरला भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचायला लागला. बॅटरीने वहिनीकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागावायचा हक्क आपल्यालाही नाही हे कळल्याची लाजही होती. माई तेवढ्या म्हणाल्या, "एवढं सांगायची काय गरज होती?"

*

मंगळवारी बाळ झालं. दीड महिना आधी, पोट उघडून, एक किलो आठशे. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि त्या मानाने तिचा आवाज कितीतरी मोठा होता. दादा पेटीपुढे तासभर उभे राहिले. सिस्टरने दोनदा वजन सांगितलं, पण ते काही विचारत नव्हते की लिहून घेत नव्हते. डोळे पुसायला त्यांनी कारखान्यातलं तेलकट फडकं काढलं, म्हणून त्यांना बाहेर काढावं लागलं.

शुक्रवारपर्यंत घराने आपली गोष्ट तयार केली होती. घरं हे काम फार चटकन करतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माई खोलीच्या दारातच गाठून सांगत, "माझ्या आधी लक्षात आलं हो. तीन किलो म्हटल्यावर मला शंकाच आली!" बॅटरीच्या आवृत्तीत त्याने गाडी सतरा मिनिटांत आणली होती. थोरल्याच्या आवृत्तीत जीव वाचला तो काटा अचूक होता म्हणून, आणि तो काटा लावला कुणी, हे तो ऐकणाऱ्याला विचारू द्यायचा. थोरलीचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं. तिने जे सांगितलं होतं ते या गोष्टीत कुठेच बसत नव्हतं.

ती संध्याकाळी चारला खोलीत गेली. माई पलंगाशेजारच्या खुर्चीत होत्या. धाकटी उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची सूज बरीच उतरली होती.

"या, ताई," धाकटी म्हणाली. आवाज थंड होता.

"कशी आहेस?"

"डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, तुम्ही काय बोललात ते." ती थोडं थांबली. "त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. मला राग आला. अजून येतोय. मी सगळ्यांत आधी तुम्हाला विचारलं होतं, कारण या घरात तुमचं मूल सगळ्यांत शेवटचं. म्हटलं, यांना आठवत असेल."

थोरलीला बरंच काही सांगायचं होतं. नवाची शेपटी, जिना, जड तबकड्या, नऊ वर्षं. त्यातलं एकही कारण या खोलीत टिकणार नव्हतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं."

"हो," धाकटी म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि थोरलीने ते मागितलंही नाही. माई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. सुना समोरासमोर खरं बोलायला लागल्या तर सासूने करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग धाकटीने कपाळावर हात ठेवला. "आता मिटला ना सगळा प्रश्न? बाळ झालं की रक्तदाब उतरतो म्हणाले. मग दुपारपासून परत डोकं का दुखतंय?"

"जागरण गं," माई लगेच म्हणाल्या. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हा प्रांत त्यांचा होता. "बाळंतिणीचं डोकं दुखायचंच. त्यात तू पेटीपाशी जाऊन उभी राहतेस, वारं लागतं. माझ्या वेळी तर मला पंधरा दिवस..."

थोरली दारापर्यंत पोचली होती.

"अगं, कुठे निघालीस? बस ना. मी सांगते काय झालं माझ्या वेळी..."

काउंटरवर एकच सिस्टर होती. ती जाड्या फायलीत काहीतरी उतरवत होती. थोरलीने खोलीचा नंबर सांगितला आणि पेशंटचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

"बघते हं," सिस्टर वर न बघता म्हणाली. "बाळंतपणानंतर दुखतं कधीकधी."

"माहीत नाही मला," थोरली म्हणाली. "मला कधी दुखलं नव्हतं. तुम्ही आत्ता मोजा."

"अहो, पाच मिनिटं..."

थोरलीने हात लांब करून ती फाईल मिटली. सिस्टरने चकित होऊन मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि खुर्ची मागे सारून रक्तदाबाचं यंत्र उचललं.